थांबावे की पुढे जावे?

(वैद्यकीय प्रवेश आणि एका वर्षाचा प्रश्न : विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की आमच्या मार्गदर्शन समितीकडे मुले-मुली आणि त्यांचे आईवडील येऊ लागतात. कुणाला फॉर्म भरायचा असतो, कुणाला दाखल्याची अडचण असते. परंतु सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "यंदा नंबर लागेल असे दिसत नाही. ड्रॉप घ्यावा का?" वडील म्हणतात, वर्ष वाया जाईल. मुलगा म्हणतो, आणखी एक संधी द्या. आई दोघांच्या तोंडाकडे पाहत बसते. या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पण तो कसा सोडवावा याची एक रीत आहे, आणि ती रीत आज आपणांपुढे मांडावी असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे "नीट पास झाला" असे म्हणतात आणि पेढे वाटतात. नीटमध्ये पात्र ठरणे ही एक गोष्ट आणि एम.बी.बी.एस.ला जागा मिळणे ही दुसरी गोष्ट. सन २०२५ ची परीक्षा सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी दिली आणि १२ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, संपूर्ण देशात सरकारी आणि खासगी मिळून एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांमागे जेमतेम एक जागा. पात्रतेचा अर्थ इतकाच की प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळाली. आपण रांगेत कुठे आहोत हे गुणांवरून कळत नाही, ते रँकवरून कळते.

गुणांवर विसंबून कसा घोटाळा होतो ते पाहा. २०२४ साली खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा सुधारित निकालात १६२ गुणांवर होती, आणि ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे विद्यार्थी एकापेक्षा अधिक होते. २०२५ साली पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा भाग, कठीण गेला. देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले आणि तीच रेषा १४४ वर उतरली. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ती २०२४ मध्ये १२७ आणि २०२५ मध्ये ११३ होती. तेव्हा "मागच्या वर्षी शेजारच्या मुलाला इतक्या गुणांवर सीट लागली, तुला का लागत नाही," असे म्हणून मुलाला बोलणे हा अन्याय आहे. तुलना करायची तर आपल्या प्रवर्गातील रँकची करावी, आणि तीही मागच्या दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या राऊंडशी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमचे पहिले सांगणे असे की, निकालाच्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये. त्या दिवशी घरात एकतर आनंद असतो नाही तर सुतक असते, आणि दोन्ही वेळी हिशेब नीट होत नाही. दुसरे असे की, ड्रॉप घ्यायचा विचार पक्का असला तरी यंदाचा प्रवेशाचा फॉर्म भरल्याशिवाय राहू नये. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या समितीकडे आणि राज्याच्या कोट्यासाठी मुंबईच्या सीईटी कक्षाकडे अशी नोंदणी वेगवेगळी करावी लागते. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याकडे राहतात. राऊंड एकामागून एक होतात आणि पुढच्या राऊंडमध्ये कट-ऑफ काही वेळा खाली येतो. फॉर्मच न भरणाऱ्याला हे कधी कळतच नाही. नीटचा निकाल त्या वर्षाच्या प्रवेशापुरताच चालतो, तो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही. म्हणून अर्ज करावा, आपला नंबर कुठपर्यंत येतो ते पाहावे, आणि मग ठरवावे. मात्र जागा स्वीकारून नंतर सोडल्यास काय दंड बसतो, अनामत रक्कम कधी जप्त होते, मूळ कागदपत्रे परत केव्हा मिळतात, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय कोणत्याही राऊंडला होकार देऊ नये. ही पुस्तिका दरवर्षी बदलते, म्हणून गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये.

यानंतर ड्रॉपचा विचार चार हिशेबांनी करावा.

पहिला हिशेब : गुण का गेले? परीक्षेनंतर उत्तरपत्रिकेची, म्हणजे ओएमआरची प्रत आणि उत्तरसूची उपलब्ध करून दिली जाते. ती घेऊन एक दुपार शांतपणे बसावे. १८० प्रश्नांपैकी जे चुकले किंवा सोडून दिले, त्यांचे तीन भाग करावेत. एक, जो धडा शिकलोच नव्हतो त्यातील प्रश्न. दोन, शिकलो होतो पण आठवले नाही किंवा सोडविता आले नाही असे प्रश्न. तीन, येत असूनही घाईने किंवा अंदाजाने चुकविलेले प्रश्न. लक्षात ठेवावे की बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ गुण कापला जातो. म्हणजे येत असलेला प्रश्न चुकला की प्रत्यक्षात ५ गुणांचा फरक पडतो.

पहिल्या भागातील प्रश्न जास्त असतील, उदाहरणार्थ अभ्यासक्रमच पूर्ण झाला नव्हता, आजारपण आले होते, घरात दुःखद घटना घडली होती, किंवा दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तके हातात पडली होती, तर एक वर्ष मिळाल्याने फरक पडण्याची चांगली आशा असते. कारण अडचण वेळेची होती आणि वेळ मिळणार आहे. दुसऱ्या भागातील प्रश्न जास्त असतील तर अभ्यासाची पद्धत बदलावी लागेल. तीच नोट, तोच क्लास आणि तेच वाचन ठेवून वर्ष वाढविले तर निकाल फारसा बदलत नाही. तिसरा भाग मोठा असेल तर त्याला सराव परीक्षाच हवी, आणि ती घड्याळ लावून, दुपारच्या त्याच वेळेला, ओएमआरवर गोल काळे करीत दिली पाहिजे. ज्याने दोन वेळा परीक्षा दिली आहे आणि दोन्ही वेळा तिन्ही भागांचे प्रमाण तेच आले आहे, त्याने तिसऱ्या वर्षाचा विचार फार जपून करावा. कायद्याने आज प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची मर्यादाही राहिलेली नाही. पण नियमात परवानगी आहे एवढ्यावरून तिसरे वर्ष द्यावे असे होत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते आणि त्यात इंग्रजी मजकूरही सोबत असतो. फॉर्म भरतानाच भाषा निवडावी लागते. शब्दाविषयी शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जातो, म्हणून विज्ञानाचे इंग्रजी शब्द तोंडपाठ असावेतच.

दुसरा हिशेब पैशाचा. लातूर, नांदेड किंवा कोट्याच्या क्लासची जाहिरात पाहून पालक निर्णय घेतात. जाहिरातीत यशस्वी मुलांचे फोटो असतात, बाकीच्यांची संख्या नसते. क्लासची फी, खोलीचे भाडे, मेसचा डबा, पुस्तके, सराव परीक्षा, येण्या-जाण्याचा खर्च हे सर्व एका कागदावर लिहून काढावे. ती रक्कम घरात आहे की कर्ज काढून आणायची आहे? कर्ज सावकाराचे असेल, आईचे डोरले गहाण पडणार असेल किंवा धाकट्या भावंडाचे शिक्षण थांबणार असेल, तर तो ड्रॉप एकट्या मुलाचा राहत नाही, सगळ्या घराचा होतो. अशा वेळी गावात किंवा तालुक्याला राहून, एनसीईआरटीची पुस्तके, मागील प्रश्नपत्रिका आणि ग्रंथालयातील जागा यांच्या बळावर तयारी करता येते का, हे आधी पाहावे. जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे निम्मा पेपर, आणि त्याचा पाया एनसीईआरटीच आहे. त्यासाठी मोठ्या शहरात जावेच लागते असे नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी शासनाच्या मोफत प्रशिक्षणाच्या योजना वेळोवेळी निघतात. त्यांची जाहिरात केव्हा येते याकडे बार्टी आणि समाज कल्याण कार्यालयात जाऊन लक्ष ठेवावे.

पैशाच्याच बाबतीत दुसरी बाजू अशी. काही दलाल निकालानंतर घरी फोन करतात आणि "वर्ष वाया घालवू नका, परदेशात पाठवा," असे सांगतात. परदेशी एम.बी.बी.एस.साठीही नीटची पात्रता लागते. परत आल्यावर भारतातील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे तेथे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि येथे आल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप आवश्यक आहे. एक वर्ष वाचविण्यासाठी घर विकून बसण्यापूर्वी हा सगळा हिशेब मांडावा. तसेच, खासगी महाविद्यालयात शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली जागा आणि संस्थेच्या कोट्यातील जागा यांत फरक आहे. शिक्षण शुल्काची सवलत पहिलीला मिळते, दुसरीला मिळेल असे गृहीत धरू नये.

तिसरा हिशेब कागदपत्रांचा. आपल्या समाजात गुण असूनही प्रवेश हुकतो तो पुष्कळदा येथेच. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या घटना-आदेशातील दुरुस्तीने लागू झाल्या. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना १५ टक्के आणि महाराष्ट्राच्या कोट्यात अनुसूचित जाती व त्यातून धर्मांतरित बौद्धांना १३ टक्के जागा आहेत. परंतु त्यासाठी योग्य नमुन्यातील जातीचा दाखला हवा आणि राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे. शाळेच्या दाखल्यावर फक्त "बौद्ध" लिहिलेले असते आणि मूळ जातीचा उल्लेख असलेला, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आजोबा-पणजोबांच्या गावच्या शाळेत किंवा महसुली दप्तरात पडलेला असतो. तो शोधायला महिने लागतात. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करावे. जो मुलगा ड्रॉप घेणार आहे त्याच्या वडिलांनी किंवा काकांनी त्या वर्षातील पहिले दोन महिने याच कामाला द्यावेत. मुलाने अभ्यास करावा, तहसील आणि पडताळणी समितीचे हेलपाटे मोठ्यांनी घालावेत. तसेच शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र पुढे मागितले जाते, हेही लक्षात असावे. दुसऱ्या कोर्सला नाव घालून मग तो सोडल्यास शिष्यवृत्तीवर काय परिणाम होतो, हे समाज कल्याण कार्यालयात विचारून लेखी घ्यावे.

चौथा हिशेब मनाचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. ड्रॉपच्या वर्षात बरोबरीची मुले कॉलेजला जातात, त्यांचे फोटो येतात, नातेवाईक लग्नात भेटले की विचारतात, "सध्या काय करतोस?" पाच-सहा महिन्यांनी, दिवाळीनंतर, उत्साह ओसरतो. २०२३ साली एकट्या कोटा शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. ती आपल्यासारख्याच घरांतील मुले होती. म्हणून मुलाला एकटे खोलीत कोंडून "अभ्यास कर" म्हणणे हा उपाय नाही. त्याच्याशी रोज एकदा तरी अभ्यासाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलावे. झोप उडाली, जेवण तुटले, मूल गप्प गप्प राहू लागले तर त्याला आळशी म्हणू नये. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, तेथे मराठीतही बोलता येते. डॉक्टर होण्यासाठी निघालेल्या मुलाने स्वतःच्या मनाच्या दुखण्यासाठी मदत घेण्यात कमीपणा कसला?

येथे आम्हांस मुलींविषयी स्पष्ट बोलायचे आहे. आमच्याकडे एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील बांधकामावर मिस्त्री, आई धुणीभांडी करणारी. मुलीला पहिल्याच प्रयत्नात, कोणत्याही क्लासशिवाय, जागेपासून थोडक्यात हुकणारा रँक मिळाला होता. तिच्या थोरल्या भावाला यापूर्वी दोन वर्षे ड्रॉप दिला होता. मुलीबद्दल मात्र घरात ठरले होते की, एक वर्ष घरी बसवायचे तर मग स्थळेच पाहू. आम्ही वडिलांना एवढेच विचारले की, दोघांच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या तर तुम्ही वर्ष कुणाला द्याल? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिच्या आईला विचारतो." आईने एक अट घातली. मुलीने ग्रंथालयात जाऊन अभ्यास करावा, घरकाम आई आणि भाऊ वाटून घेतील. ते वर्ष तिला मिळाले. निकाल काय लागला हे आम्ही येथे मुद्दाम सांगत नाही, कारण निकाल चांगला लागला तरच तिला वर्ष देणे योग्य होते, असा अर्थ कुणी काढू नये. तिचा हक्क तिच्या उत्तरपत्रिकेतून सिद्ध झाला होता. ज्या घरात मुलाचा ड्रॉप ही तयारी समजली जाते आणि मुलीचा ड्रॉप म्हणजे घरी बसणे समजले जाते, त्या घराने आपला हिशेब पुन्हा तपासावा.

आता, ज्यांचा हिशेब ड्रॉपच्या विरुद्ध जातो त्यांनी काय करावे? त्यांनी खालच्या मानेने घरी जाण्याचे कारण नाही. बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस., दंतवैद्यक, फिजिओथेरपी, पशुवैद्यक या अभ्यासक्रमांनाही नीटचाच आधार आहे. नर्सिंग, औषधनिर्माण, कृषी आणि मूलभूत विज्ञानाचे मार्ग आहेत. पण जो कोर्स घ्याल तो त्याचे काम आवडते म्हणून घ्या. "एम.बी.बी.एस. नाही तर हे," असे मनात धरून घेतलेल्या कोर्सात मुले दोन वर्षांनी अर्धवट मन घेऊन बसलेली आम्ही पाहतो. तसेच बी.एस्सी.ला नाव घालून सोबत नीटची तयारी करण्याचा मधला मार्गही आहे. त्याने घरची भीती कमी होते, पण हजेरी आणि प्रात्यक्षिके यांत दिवसाचा मोठा भाग जातो. दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा असेल तर जवळचे कॉलेज आणि ठरलेले वेळापत्रक हवे.

थांबावे लागणे म्हणजे हरणे नव्हे, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरच्या भिंतीवरच लावलेले आहे. बाबासाहेब १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला शिकायला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळविली. बडोद्यात अपमान सोसला. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि काटकसर करून पैसे साठविले. १९२० मध्ये ती बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. त्यांनी मिळविली. या इतिहासातून आपण काय घ्यावे? त्यांचा खंड तीन वर्षांचा होता, पण त्याला मुदत होती, कारण होते, पैशाची तरतूद होती आणि परत जाण्याचा दरवाजा त्यांनी आधीच उघडा ठेवला होता. या चार गोष्टी ज्या ड्रॉपमध्ये असतील तो ड्रॉप सार्थकी लागू शकतो. त्या नसतील तर मुलगा नुसता दिवस ढकलतो.

म्हणून आमची विनंती अशी की, निर्णय झाला की तो एका कागदावर लिहावा. किती वर्षे? एकच. दर महिन्याला कोणते धडे? डिसेंबरपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही तर काय करायचे? पुढच्या वर्षीही नंबर लागला नाही तर कोणता कोर्स घ्यायचा? खर्च किती आणि कोण करणार? त्या कागदावर मुलाची किंवा मुलीची सही असावी आणि आई-वडील दोघांची असावी. आईला सही येत नसेल तर तिला वाचून दाखवून अंगठा घ्यावा. मग वर्षभर कुणी कुणाला टोमणा मारू नये. पुढील निकालाच्या दिवशी हाच कागद समोर घेऊन बसावे आणि त्यात लिहिल्याप्रमाणे वागावे.

समाजालाही या निर्णयात वाटा उचलता येईल. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षांचे आहे, आणि सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर बंधपत्राची सेवा असते. एवढ्या लांबच्या वाटेवर आधीच्या एका वर्षाने फार मोठा फरक पडत नाही. ते एक वर्ष गरिबाच्या घराला झेपत नाही, अडचण ती आहे. विहारातील खोली संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडी ठेवणे, नोकरीत असलेल्या बांधवांनी जुनी पुस्तके आणि सराव परीक्षांची फी देणे, वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या आपल्या मुला-मुलींनी सुटीत येऊन दोन तास शिकविणे, आणि दाखल्यांच्या कामात एका जाणत्या कार्यकर्त्याने सोबत जाणे, एवढे झाले तरी पुष्कळ घरांना ते वर्ष झेपेल. ही कामे आपल्या मंडळाच्या आवाक्यातली आहेत, आणि पुढच्या निकालापूर्वी ती सुरू व्हावीत अशी आमची सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे.



जय भीम! जय भारत!